वारा सरला का?

ऑपरेशननंतरची चौथी रात्र, सव्वातीन

आडवी झाले की पोट नगाऱ्यासारखं ताणतं, उठून बसले की उजवा खांदा ठणकतो. त्यातल्या त्यात खांदा परवडला म्हणून पोटावर उशी धरून बसलेय आणि लिहितेय.

ऑपरेशन पित्ताशयाचं, भोकं पोटाला चार, आणि दुखतोय खांदा! मला वाटलं, टेबलावर सरकवताना कुणीतरी हात ओढला असणार. मंगळवारी राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाई हसल्या. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी काढतात, पण थोडा राहतोच. तो वर चढून श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला, डिवचतो. तिथली नस निघते मानेतून, खांद्याची जाणीवही तिकडूनच येते, म्हणून मेंदू फसतो. दोन-चार दिवसांत जिरेल म्हणाल्या. हे आदल्या दिवशी सांगितलं असतं तर माझी एक रात्र वाचली असती.

पोटाची तऱ्हा वेगळी. भुलीनंतर आतडी सुस्तावतात, त्यात मोठं आतडं सगळ्यात आळशी. शिवाय दुखण्यावरची तगडी गोळी त्याला आणखी झोपवते. म्हणजे गोळी घ्यावी तर पोट फुगतं, न घ्यावी तर चालवत नाही, आणि चालल्याशिवाय पोट उतरत नाही. बुधवारी घरी आल्यावर फोन करून विचारलं. पॅरासिटॅमॉलवर भागवून बघा, मोठी गोळी अगदीच सोसेना तेव्हा, असं सांगितलं. वर हेही, की फुगतच गेलं, उलट्या झाल्या, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर ओवा चघळत बसू नका, सरळ इकडे या. (ओव्याचं त्यांना कसं कळलं कोण जाणे.)

परकराची नाडी नेमकी बेंबीच्या टाक्यावर येते, म्हणून दिवसभर गाऊन. काल सकाळी मिरचीची फोडणी पडली आणि मला शिंक आली. टाके उसवले असंच वाटलं. तेव्हापासून उशी सोडलेली नाही.

आत्या बघायला आल्या होत्या. त्यांचं हेच ऑपरेशन 1988 सालचं, बरगडीखाली वीतभर व्रण. दुर्बिणीनं पित्ताशय काढणं आपल्याकडे 1990 मध्ये सुरू झालं, जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडियांनी. आत्यांचं दोन वर्षांनी हुकलं. "तुमचं काय, चार टाचण्या टोचल्यासारखं," म्हणाल्या. मी खांद्याबद्दल बोललेच नाही.

आणि घरादाराचा एकच प्रश्न, "सरला का?" सासूबाई विचारतात, जाऊबाई फोनवरून विचारतात, शेजारच्या काकू दारातूनच विचारतात. ज्या घरात बावीस वर्षं मी ढेकरसुद्धा पदराआड दिला, तिथे माझ्या पोटातला वारा म्हणजे चव्हाट्यावरचा विषय झाला. काल दुपारी गॅलरी ते देवघर अशा फेऱ्या मारत होते. अकराव्या फेरीला सरला. चांगला दणक्यात. सासूबाई पेज ढवळत होत्या. "सुटलीस गं बाई!" म्हणाल्या, हात पुसले आणि देवापुढे साखर ठेवली.

आता परत गुडगुडतंय. पाय टेकून, कुशीवर वळून, हळूच उठले. अंधारात भिंत धरून देवघरापर्यंत गेले तर बाहेरच्या खोलीतून आवाज आला,

"परत अडला का गं?"