हललेला मुलगा

१२ जुलै, रात्री

सकाळी वाईहून आतेभाऊ आला. काखेत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली फ्रेम. आत्या गेल्यापासून तिकडचं घर बंदच होतं, आता ते रिकामं करतायत. तिच्या माजघरात दारावर टांगलेला हा फोटो मी लहानपणापासून पाहिलाय, पण खालून, मान वर करून. हातात आज पहिल्यांदा घेतला.

१९५९ सालचा आहे. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्याच्या चौकात काढलेला. आजी, आजोबा, आत्या, दोन्ही काका आणि पुढे पाच वर्षांचे बाबा. बाकी सगळे श्वास रोखून उभे. बाबा तेवढे हललेत. पाय स्पष्ट, चड्डीची नाडीसुद्धा दिसते, आणि चेहऱ्याच्या जागी पांढुरका फराटा. चौकात उजेड कमी, साधा बॉक्स कॅमेरा, म्हणजे शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं असणार. तेवढ्यात या मुलाला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

बाबांचा लहानपणचा हा एकच फोटो. लग्नानंतर आत्याबरोबर वाईला गेला म्हणून राहिला. घरातले बाकीचे सगळे फोटो १९६१ च्या पुरात गेले. आज बारा जुलै, पुराचा दिवस, हे आतेभावाच्या लक्षातही नव्हतं. बाबांच्या होतं. सकाळपासून ते गप्पच होते.

तो दिवस मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलाय की मीच पाहिल्यासारखा वाटतो. आदल्या रात्री जवान पानशेत धरणावर वाळूची पोती रचत होते आणि पुण्यात लोकांना पत्ताही नव्हता. सकाळी पानशेत फुटलं. ते पाणी खालच्या खडकवासला धरणाला पेललं नाही, दुपारी तेही फुटलं. आजी तिन्ही पोरांना घेऊन पर्वतीकडे निघाली, अंगावरच्या कपड्यांनिशी. लकडी पूल पाण्याखाली गेला. परत आले तेव्हा वाड्याची नदीकडची भिंत नव्हती आणि आत गुडघाभर चिखल होता. पुढे काही काळ ते गोखलेनगरला निसन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरात राहिले.

चिखलातून आजीने फोटोंचा अल्बम शोधून काढला होता. उन्हात वाळवला आणि तिथेच तो संपला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. भिजला की फुगतो, आणि एकमेकांवर ठेवून वाळला की डिंकासारखा धरतो. अल्बमची वीट झाली. ती वीट आजीने आयुष्यभर ट्रंकेत जपली, रेशमी पातळाच्या तुकड्यात बांधून. लहानपणी मी एकदा नखाने कोपरा उचकटायला गेले तर तिने माझा हात धरला. रागावली नाही, नुसता धरून ठेवला. असे चिकटलेले फोटो थंड स्वच्छ पाण्यात पुन्हा भिजवले तर कधीकधी सुटतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तोवर आजी गेली होती आणि ट्रंक आवरताना ती वीटही कुणी टाकून दिली होती. हे मला अजून लागतं.

म्हणून ही फ्रेम मी उघडली नाही. डावा कोपरा काचेला चिकटलाय, ओढला तर आजोबांचा खांदा काचेवर राहील. लेकीने खिडकीपाशी तिरका धरून काचेवरूनच मोबाइलने फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. आजीच्या मागे भिंतीत कोनाडा दिसला. त्यात कंदील, शेजारी अडकित्ता. बाबा पुढे वाकले. म्हणाले, "कंदील इथेच असायचा. माझा हात पोचायचा नाही." घराबद्दल आज एवढंच बोलले. पण मोबाइल बराच वेळ सोडला नाही.

त्याच मोबाइलमध्ये मागे सरकता सरकता २५ जुलै २०२४ चे फोटो आले. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या एकतानगरीत शिरलं, त्या सकाळचे. पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या, गच्चीवर आणून ठेवलेली देवाची मूर्ती. लेकीच्या मैत्रिणीने पाठवलेले. त्या दिवशी आमच्याकडे थेंबही आला नव्हता, आम्ही चौथ्या मजल्यावर. तरी बाबांनी स्टूल घेतलं आणि कपाटाच्या खालच्या खणातले सगळे अल्बम माळ्यावर चढवले. मी त्यांना ओरडले होते, या वयात स्टुलावर चढू नका म्हणून. काय करतायत ते मला तेव्हा कळलंच नाही.

संध्याकाळी फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर नावं लिहायला बसलो. पेन्सिलने, शाई पुढे फुटते. बाबा सांगत होते, मी लिहीत होते. आजीचं माहेरचं नावही त्यांनी घालायला लावलं. शेवटी त्या मुलापाशी आलो. मी लिहिलं, "पुढे उभे, हललेले – बाबा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "बाबा खोड," म्हणाले. "माझं नाव लिही. तुझ्यानंतर वाचणाऱ्याला काय कळणार, कुणाचे बाबा?"

खोडलं. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. फ्रेम आता माळ्यावर आहे.