चोर पकडायलाही पैसे लागतात

परवा एका जुन्या मित्राशी फोनवर वाद झाला, जेवणं झाल्यावर सुरू झाला तो रात्री दीडला संपला, म्हणजे संपला नाहीच, आम्ही दमलो एवढंच. विषय टॅक्स. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सरकारने माझ्या हक्कांचं रक्षण करावं, चोर पकडावेत, कोर्ट चालवावं, सीमा सांभाळावी आणि तिथे थांबावं, माझ्या खिशातून काढून दुसऱ्याला देणं हे सरकारचं कामच नाही, तो दानधर्म झाला आणि दानधर्म जबरदस्तीने करायचा नसतो. तो कंजूष असता तर मी सोडून दिलं असतं. पण हा माणूस कुणाला न सांगता लोकांच्या मुलांच्या फिया भरतो. त्यामुळे त्याचं बोलणं झटकून टाकता येत नाही, आणि फोन ठेवल्यावर डोक्यात तेच घोळत राहिलं.

माझी अडचण त्याने आखलेल्या रेषेशी आहे. एका बाजूला 'रक्षण', दुसऱ्या बाजूला 'मदत', आणि रक्षण म्हणजे जणू सरकारने नुसतं आपल्या वाटेला न जाणं, त्याला काही खर्चच नाही. मला ही रेषा नीट बघायला गेलं की सापडतच नाही.

अमेरिकेतली एक केस बघा. फ्लोरिडात क्लॅरेन्स गिडियन नावाच्या माणसावर घरफोडीसारखा आरोप होता. वकील करायला पैसे नव्हते, कोर्टाकडे वकील मागितला, कोर्टाने नाही म्हटलं, त्याने स्वतःच कशीबशी बाजू मांडली आणि शिक्षा झाली. मग त्याने तुरुंगातून हाताने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला, आणि १९६३ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की अशा गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीला परवडत नसेल तर वकील सरकारने द्यायचा. पुन्हा खटला चालला, यावेळी वकील होता, आणि तो निर्दोष सुटला. आता सांगा हे काय झालं, हक्काचं रक्षण की गरिबाला मदत? नि:पक्ष खटला हा तर माझ्या मित्राच्या यादीतला पहिल्या नंबरचा हक्क. पण तो गिडियनला मिळाला तो कुणाच्या तरी टॅक्समधून.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे. टेनेसी राज्यात साउथ फुल्टन शहराची अग्निशमन सेवा हद्दीबाहेरच्या गावकऱ्यांना वर्षाला ७५ डॉलर फी घेऊन मिळायची. २०१० मध्ये एका घराला आग लागली, त्या घराची फी भरलेली नव्हती. बंब आला, पण ते घर विझवायला नाही, फी भरलेल्या शेजाऱ्याकडे आग पोचू नये म्हणून. घर जळून गेलं. मित्राला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, नाही, हे चुकीचंच आहे. मी म्हटलं अरे पण तुझ्या नियमाने बरोबर आहे, ज्याने भरलं त्याला सेवा, ज्याने नाही त्याला नाही. तर म्हणतो आगीचं वेगळं. का वेगळं, ते मात्र त्याला सांगता येईना, आणि खरं सांगायचं तर मलाही लगेच सुचलं नाही.

लंडनमध्ये हेच उलट्या दिशेने घडलंय. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर तिथे विमा कंपन्यांनी स्वतःचे बंब ठेवायला सुरुवात केली आणि दीडशे-दोनशे वर्षं शहर बरंचसं त्यांच्यावरच चाललं. मग १८६१ मध्ये टूली स्ट्रीटची प्रचंड आग लागली, कंपन्यांचं एवढं नुकसान झालं की त्यांनीच सरकारला सांगितलं हे आता आमच्या आवाक्यातलं नाही, तुम्ही घ्या. १८६६ पासून ते सार्वजनिक काम झालं. क्रांती वगैरे काही नाही, धंदा करणाऱ्यांनीच हात टेकले.

आणि टॅक्स वाढला तो फुकट वाटण्यासाठी, असं जे सरसकट बोललं जातं ना, तेही अर्धंच खरं आहे. ब्रिटनमध्ये इन्कम टॅक्स १७९९ मध्ये आला तो फ्रान्सशी चाललेल्या लढाईच्या खर्चासाठी, म्हणजे मित्राला मान्य असलेल्या कामासाठीच. कामगारांचा आजारपणाचा विमा जर्मनीत १८८३ मध्ये आणला तिथला चॅन्सलर बिस्मार्क याने, त्याला कुणी समाजवादी म्हणणार नाही, उलट समाजवाद्यांची हवा काढायलाच त्याने तो आणला. बाजाराची एवढी बाजू घेणारा अर्थतज्ज्ञ हायेक, तोसुद्धा श्रीमंत समाजात प्रत्येकाला जगण्यापुरतं किमान मिळावं हे मान्य करायचा.

पण मित्राचं सगळंच खोडून काढायचंय असं नाही. टॅक्स सक्तीचा असतो ही गोष्ट गोड शब्दांत गुंडाळू नये. रॉबर्ट नॉझिक या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये लिहिलं होतं की कमाईवरचा टॅक्स सक्तीच्या मजुरीच्याच पंक्तीत बसतो, तेवढे तास तुम्ही दुसऱ्यासाठी राबता. मला हे पटत नाही कारण मग पोलिसांसाठी घेतलेला टॅक्सही तसाच, पण त्यातला चटका खरा आहे. जो माणूस भरतो त्याला हिशोब मागायचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो मागितला की लगेच 'गरीबविरोधी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

एका मुद्द्यावर तर मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे. मदत कशी द्यायची हे चुकलं की ती माणसाला आहे तिथेच बांधून ठेवते. समजा एखादी बाई जास्त काम करून १०० जास्त कमावते, त्यावर २० टॅक्स गेला, आणि उत्पन्न वाढलं म्हणून मदत ७० ने कमी झाली. हातात राहिले १०. म्हणजे सगळ्यात कमी कमावणारीवर प्रत्यक्षात ९० टक्के टॅक्स! एवढा टॅक्स श्रीमंतांवर लावा म्हटलं तर केवढा गोंधळ होईल, म्हणतील मग कष्ट कोण करेल, आणि हिने काम नाकारलं की आपण तिला आळशी म्हणून मोकळे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९६२ मध्ये ऋण (म्हणजे उलट्या, निगेटिव्ह) आयकराची कल्पना मांडली, ठरावीक रकमेपेक्षा कमी कमावणाऱ्याकडून टॅक्स घ्यायचा नाही, उलट सरकारनेच त्याला पैसे द्यायचे, ती याचसाठी, की मदत एकदम न तोडता हळूहळू कमी व्हावी आणि काम केलेल्याच्या हातात नेहमी जास्तच पडावं. अमेरिकेत १९७५ पासून कमी कमाईवाल्या नोकरदारांना टॅक्समधूनच पैसे परत देतात, ते बरंचसं याच धर्तीवर. आम्ही दोघं तत्त्वावरून तासभर भांडलो आणि या गणितावर पाच मिनिटांत एकमत झालं.

शेवटी त्याने जे विचारलं ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाला, ठीक आहे, सगळ्याच हक्कांना पैसे लागतात, मग हक्क कशाला म्हणायचं हे ठरवणार कोण? उद्या बहुमताने म्हटलं की ह्याच्या पगारावर सगळ्यांचा हक्क, मग?

मी त्याला हेन्री शू या तत्त्वज्ञाची कसोटी सांगितली, १९८० ची आहे. ज्या गोष्टीशिवाय बाकीचे हक्क वापरताच येत नाहीत ती आधी. उपाशी माणूस कोर्टाची पायरी चढू शकत नाही, आणि ज्याचं रोजचं पोट एकाच माणसाच्या मर्जीवर आहे तो त्याच्याविरुद्ध साक्ष देईल का, मत देईल का? मित्र म्हणाला ऐकायला बरं आहे पण ही कसोटी रबरासारखी आहे, ताणशील तेवढी ताणेल. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं, मी तसं सांगितलंही.

रविवारी परत बोलायचं ठरलंय. तो यादी करून आणणार आहे, कुठल्या गोष्टींसाठी तो कुरकुर न करता टॅक्स भरेल त्याची, आणि मी लिहून आणणार आहे की कुठे थांबायचं. त्याने पहिली ओळ फोन ठेवतानाच सांगून टाकली, अग्निशमन दल. माझा कागद अजून कोराच आहे.