एकासाठी खोळंबा

काल दुपारी सहज पेशीविभाजनाची एक चित्रफीत लावली. तासाभराचा प्रकार दोन मिनिटांत बसवलेला. गुणसूत्रं मध्यावर ओळीनं उभी राहिली आणि सगळं ठप्प. नीट पाहिलं तर एक गुणसूत्र पार कडेला रेंगाळत होतं. बाकी सगळी तयार, या एकासाठी खोळंबा! शेवटी ते डुलत डुलत ओळीत आलं, आणखी थोडा वेळ गेला, आणि सगळ्या जोड्या (प्रत्येक गुणसूत्र म्हणजे दोन प्रतींची जोडी) एकदम फाकल्या. मी फीत मागे नेऊन तेवढंच पुन्हा पुन्हा पाहत बसले.

शाळेत हे कांद्याच्या मुळात पाहिलं होतं. लाल रंगात बुडवलेलं टोक, त्यावर पातळ काच, वर अंगठ्याचा दाब. एक डोळा मिटून पाहायचं, दुसऱ्याला पाणी यायचं. वहीत चार अवस्था काढल्या, मध्ये बाण. बाण कायम पुढेच. तो उलटा का फिरत नाही, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

उत्तर आहे मोडतोडीत. जोड्यांना बांधून ठेवणारी कडी कापायला सेपरेज नावाची कात्री आधीपासून हजर असते. सेक्युरिन नावाचं प्रथिन तिला धरून ठेवतं. तो रेंगाळणारा गडी गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्याला जोडला गेला नाही, तोवर ‘थांबा’ असा निरोप सुटत राहतो. एकटाही पुरतो. निरोप थांबला की सेक्युरिनवर युबिक्विटिनचे, म्हणजे ७६ अमिनो आम्लांच्या इवल्याशा प्रथिनाचे, शिक्के बसतात आणि प्रोटिओसोम हे पेशीतलं यंत्र त्याचा चुरा करतं. कात्री मोकळी. प्रथिनाचं काम चालू-बंद करायला त्यावर चिकटवलेला फॉस्फेट काढून टाकता येतो, चुरा काही जोडता येत नाही. म्हणून माघार नाही.

आणि मी! कोणत्या यंत्राची होती हे विसरलेली वायरसुद्धा माझ्याच्यानं टाकवत नाही. लागेल कधीतरी.

१९८२ च्या उन्हाळ्यात जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट अमेरिकेतल्या वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत समुद्री साळिंदराच्या अंड्यांत कोणती नवी प्रथिनं बनतात ते पाहत होते. अंडी एका तालात विभागतात, त्यामुळे वेळेवर नमुने काढता येतात. नमुन्यांतली प्रथिनं वेगळी केली की पट्ट्या दिसतात; त्यातली एक पट्टी गडद होत जायची आणि विभाजनाच्या सुमाराला गायब. पुन्हा गडद, पुन्हा गायब. बनणाऱ्या गोष्टी शोधायला बसलेल्या माणसाला नाहीशी होणारी सापडली, हे मला फार आवडतं. ते सायक्लिन, पेशीला विभाजनाकडे ढकलणारं आणि सेक्युरिनसारखंच चुरा होणारं प्रथिन. हंट यांना २००१ चं नोबेल हार्टवेल आणि नर्स यांच्यासोबत मिळालं. शिक्क्यांची यंत्रणा उलगडणाऱ्या हर्शको, सीहानोव्हर आणि रोझ यांना २००४ चं.

चुरा करणारं हे यंत्रच बंद पाडणारं औषधही आहे. बोर्टेझोमिब, मल्टिपल मायलोमासाठी २००३ पासून वापरात. त्या कर्करोगाच्या पेशी प्रथिनं भरमसाट बनवतात. टाकायची वाट बुजली की साचलेल्या ढिगाखाली त्या मरतात. पण तेच यंत्र चांगल्या पेशींतही असतं. इंजेक्शन घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि कधीकधी गुण येत असतानाही मात्रा कमी करावी लागते.