थाई टाऊनला जेवायला जाताना

लॉस एंजेलिसला येणारे आपले पाहुणे हॉलिवूड बुलेव्हार्डवर फरशीतले तारे बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. त्याच रस्त्याने पूर्वेला गेलं की थाई टाऊन लागतं. १९९९ साली शहराने या भागाला अधिकृतपणे हे नाव दिलं. मी तर पाहुण्यांना आधी इथेच आणते.

इथली बरीच हॉटेलं बाहेरून अगदी साधी. दोन-चार दुकानांची बैठी रांग, पुढे गाड्या लावायला टीचभर जागा. आत मात्र मेन्यू लांबलचक असतो. पाद थाई या परतलेल्या नूडल्समध्ये चिंचेचा कोळ, ताडाची साखर आणि भरडलेले दाणे एकत्र येतात, तेव्हा आपल्या आमटीच्या आंबटगोड चवीची आठवण होतेच. रश्श्यांमध्ये नारळाचं दूध, गवती चहाचे दांडे, थाई लिंबाची पानं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेचं दार उघडलं. त्यानंतर इथे आलेल्या थाई कुटुंबांना सुरुवातीला यातलं बरंचसं मिळतच नसे. १९७० च्या दशकात इथे थाई वाणसामानाची दुकानं निघाली आणि स्वयंपाकाला खरी चव आली.

तिखट किती हवं, हे आधी विचारतात. आपण ठेचा खाणारे, म्हणून पहिल्याच दिवशी ‘थाई हॉट’ मागू नये. सोमतम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत मिरची कच्चीच, खलबत्त्यात कुटलेली असते. ती सरळ डोक्यात जाते.

आणखी एक. दुपारच्या स्वस्त लंच स्पेशलमध्ये प्रत्येकाला वेगळी ताटली येते, पण थाई जेवणाची मजा पदार्थ मधे ठेवून वाटून खाण्यात आहे. भात चमच्यानेच खातात, काट्याने तो चमच्यावर ढकलायचा. चॉपस्टिक्स फक्त नूडल्सना.

शाकाहारी मंडळींना मात्र मी कळकळीने सांगते, मेन्यूत टोफू दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. परतलेल्या भाज्यांत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतो, करीच्या वाटणात बहुधा सुक्या कोळंबीचा गोळा. नुसतं ‘नो मीट’ म्हटलं तर हे तसंच राहतं. एकेकाचं नाव घेऊन विचारावं लागतं.

आई इथे आली तेव्हा तिचा चातुर्मास चालू होता. कांदा-लसूण बंद. मला वाटलं, आता हिला काय खायला घालणार? पण थाई लोकांतही ‘जे’ नावाचं व्रताचं जेवण असतं, त्यात मांस-मासे-अंडी तर नाहीच, कांदा-लसूणही वर्ज्य. गल्ल्यावरच्या मावशींना एवढा एक शब्द सांगताच त्या हसून थेट आत गेल्या. सोया सॉसमध्ये परतलेल्या रुंद नूडल्स आल्या, त्यात टोफू, गाजर आणि कोवळी मक्याची कणसं. आई पोटभर जेवली आणि रात्रीसाठी एक डबाही बांधून घेतला.