पाच इंचांनी चुकलेलं मशीन

सांगलीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. १९९५-९६चे दिवस. आत चार मशिनं, एक पंखा आणि भिंतीला टेकून नंबर लावलेली पोरं. एक रुपया टाकला की एक डाव. मी आणि दादा कायम एकाच मशीनवर असायचो, मुस्तफाच्या. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉमनं तो १९९३ साली काढला, हे सगळं मला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी पिवळ्या टोपीवाला, धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा होता आणि गेमही त्याच्याच नावाचा होता.

गेल्या वर्षी पुण्यातल्या घरात तसं मशीन स्वतः बांधायचं मनावर घेतलं. दादा दिवाळीला येणार होता, तोवर उभं करायचं. कंट्रोलर घेऊन टीव्हीसमोर सोफ्यावर खेळता येतंच, पण त्यात दोघं खांद्याला खांदा लावून उभे नसतात. मला तो खांदा हवा होता.

आधी पुठ्ठ्यावर काढून बघा, हे मी प्रत्येकाला सांगेन. फ्रिजचं मोठं खोकं मिळवलं आणि त्यावर बाजूच्या फळीचा आकार पूर्ण मापात काढला. वरून पुढे आलेलं कपाळ, मागे कललेला स्क्रीन, मग पुढे येणारी बटणांची फळी आणि खाली पायाला जागा सोडून आत गेलेला भाग. उंची पाच फूट दहा इंच. खोली चोवीस इंचांवर ठेवली, कारण बेडरूमच्या दारातून जेमतेम तीस इंच मोकळे मिळतात. बटणांच्या फळीचं माप मात्र माझ्याकडे आधीपासूनच होतं. दुकानात ती छातीशी यायची, हे मला स्वच्छ आठवत होतं. आरशासमोर उभा राहिलो, छातीखाली टेप धरली आणि त्रेचाळीस इंच लिहून ठेवले.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पाऊण इंची प्लायच्या आठ बाय चारच्या दोन शीट आणल्या. आमच्या सोसायटीतलं बरंचसं काम करणारे एक सुतारकाका आहेत. लांब काप त्यांनी त्यांच्या मशीनवर मारून दिले, बाकीचं पार्किंगमध्ये मी रविवारी करत गेलो. जिग सॉनं पहिली बाजू कापली, कानस आणि पॉलिश पेपरनं कडा सारखी केली, मग तीच फळी दुसऱ्या शीटवर ठेवून रेघ मारली. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापून कापल्या असत्या तर मशीन वाकडं उभं राहिलं असतं.

खरं जिकिरीचं काम बटणांच्या फळीचं. बटणं तीस मिलिमीटरची. काकांच्या भाषेत एक इंच दीड सूत. ‘स्ट्रीट फायटर टू’ला तीन ठोसे आणि तीन लाथा लागतात, म्हणून प्रत्येकी सहा बटणं ठरवली. त्यांची जागा ठरवायला कागदावर हात सैल ठेवला आणि बोटांच्या टोकांवर खुणा केल्या. सरळ रांगेत बटणं लावली तर मधलं बोट सतत आखडून ठेवावं लागतं, म्हणून रांग थोडी कमानदार घेतली. दोन बटणांच्या मध्यबिंदूंमध्ये छत्तीस मिलिमीटर सोडले, नाहीतर खालचे नट एकमेकांना भिडतात. भोकं होल सॉनं पाडली. पहिलंच भोक पलीकडून चिरफाळलं, सनमाइकाचा नखाएवढा तुकडा उडाला. त्यानंतर खाली टाकाऊ प्लायचा तुकडा घट्ट दाबून लावला आणि मधल्या ड्रिलचं टोक पलीकडे दिसलं की फळी उलटी करून उरलेलं दुसऱ्या बाजूनं पाडलं. बाकीची सगळी भोकं स्वच्छ आली.

जॉयस्टिक लावली तेव्हा वेगळीच अडचण. पाऊण इंच जाडीतून दांडी वर येईपर्यंत ती इतकी आखूड उरली की मुठीत धरायला काहीच नव्हतं. काकांनी पटाशी घेतली आणि खालच्या बाजूनं जॉयस्टिकच्या पत्र्याच्या मापाची खाच कोरली, मध्ये फक्त सहा मिलिमीटर लाकूड ठेवलं. प्लायचे पापुद्रे ते इतके हलके उचलत होते की मी सगळी कामं टाकून बघत उभा राहिलो.

वायरिंगची मला सगळ्यात भीती वाटत होती, पण ते सोपं निघालं. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून वायरी आणि त्यांच्या टोकांना लावायचे लग घेतले. बटणं, जॉयस्टिक आणि त्यांना कॉम्प्युटरशी जोडणारी यूएसबीची छोटी सर्किटं ऑनलाइन मागवली. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो, त्याला दोन वायरी लागतात आणि त्या दोन्हींची अदलाबदल झाली तरी चालते, कारण तो साधा चालू-बंद स्विच आहे. जॉयस्टिकला मात्र डोकं वापरावं लागतं. दांडी वर ढकलली की तिचं खालचं टोक उलट दिशेला जातं, म्हणजे ‘वर’साठी खालचा स्विच दाबला जातो आणि ‘डावी’साठी उजवा. हे लक्षात येईपर्यंत माझा माणूस उड्या मारायच्या ऐवजी बसत होता. दोन खेळाडूंची दोन सर्किटं कॉम्प्युटरला अगदी सारखी दिसतात. त्यामुळे त्यांच्या पिना ज्या पोर्टमध्ये बसवल्या तिथेच कायम राहू द्याव्यात, नाहीतर पुढच्या वेळी दादाचा माणूस माझ्या हातात येतो.

कॉम्प्युटर घरात पडून असलेला जुनाच घातला. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आली की आपोआप सुरू व्हायची सोय होती, ती चालू केली. आता भिंतीवरचं एक बटण दाबलं की सगळं मशीन जागं होतं. मागच्या फळीत वर एक पंखा आणि खाली हवा आत यायला चर ठेवली. स्क्रीन एकोणीस इंची, जुन्या चौकोनी घडणीचा, सेकंडहँड. जुन्या गेमची चित्रं चारास तीनच्या प्रमाणात असतात. आजच्या रुंद स्क्रीनवर ती ताणली की मुस्तफा जाडा दिसतो, म्हणून चौकोनीच शोधला.

गेमच्या बाबतीत मी एक ठरवलं होतं. बहुतेक जण ‘मेम’ वापरतात. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरियानं सुरू केलेला हा मोफत प्रोग्रॅम जुन्या मशिनांची नक्कल करतो आणि तो फार मोलाचा आहे. पण गेमच्या फाइलींचे हक्क कंपन्यांकडेच राहतात. मी विकत मिळणारेच गेम घेतले. कॅपकॉमनं २०१८ साली असे सात मारामारीचे गेम एकत्र काढले, त्यात ‘फायनल फाइट’ आणि ‘कॅप्टन कमांडो’ आहेत. मुस्तफा त्यात नाही. त्याचं मला खरंच वाईट वाटलं, आजही वाटतं.

सप्टेंबरच्या शेवटी मशीन उभं राहिलं. वर पांढऱ्या ॲक्रिलिकमागे एलईडीची पट्टी, त्यावर फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतलेलं ‘फक्त एक रुपया’. मी खेळायला लागलो आणि वीस मिनिटांत खांदे भरून आले. कोपरं हवेत, मनगटं मोडलेली. वाटलं, सवय नाही राहिली. चार दिवस तसंच रेटलं. मुलगी नऊ वर्षांची. तिला तर दांडीपर्यंत पोचायलाच टाचा उंचवाव्या लागत आणि खालून बघताना जुन्या स्क्रीनवर सगळं काळपट दिसायचं. “बाबा, मला नुसत्या सावल्याच दिसतात,” म्हणाली.

काका मागच्या दाराला बिजागरी बसवायला आले होते. काम संपवून फळीसमोर उभे राहिले, दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि विचारलं, “साहेब, हे माप कुणाचं घेतलंय?”

मी सांगितलं, लहानपणी दुकानात एवढंच यायचं, छातीला.

“तेव्हा तुमची छाती कुठं होती?”

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. फळी छातीशी यायची हे खरं होतं, पण ती माझ्या दहा वर्षांच्या छातीशी यायची. तिसरीत असताना तर माझे हातही पोचायचे नाहीत. दादा कोपऱ्यातलं थंड्याच्या बाटल्यांचं लाकडी खोकं पायानं ओढत आणायचा आणि मी त्यावर चढायचो. हे सगळं आठवत असूनही टेप धरताना मनात आलं नव्हतं. काकांनी मला सरळ उभं केलं, कोपरं काटकोनात वाकवायला लावली, तिथून थोडं खाली टेप धरली. अडतीस इंच.

सगळं रिकामं करून मशीन आडवं केलं. चाकं काढली, तळाची फळी आणि गुटके सोडवले, दोन्ही बाजू खालून पाच-पाच इंच कापल्या आणि तळ पुन्हा बसवला. सनमाइका लावलेल्या, महिनाभर घासलेल्या फळीला करवत लावणं सोपं नव्हतं. पण उभं करून हात ठेवले आणि खांदे आपोआप खाली आले. स्क्रीनही पाच इंच उतरून बरोबर डोळ्यांसमोर आला. चाकांसकट एकूण खर्च चोवीस हजारांच्या आसपास गेला. या कापाला फक्त एक रविवार लागला.

कापलेल्या दोन पट्ट्या उरल्या, पाच इंच रुंद. त्या उभ्या धरून वर प्लायचा तुकडा ठोकला, कडांना उरलेलं बिडिंग लावलं. दिवाळीत दादा आला. फराळ अर्धा टाकून मशीनसमोर उभा राहिला, काही न विचारता डावीकडे. मुलगी उजवीकडे आली. तिनं दांडीकडे हात नेला, तेवढ्यात दादानं कोपऱ्यातलं ते खोकं बघितलं आणि पायानं ओढत तिच्यापाशी आणलं.