निवळी पुन्हा निवळली तेव्हा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी गेली एकोणीस वर्षे विज्ञान शिकवतो. चुन्याच्या निवळीचा प्रयोग या काळात किती वेळा करून दाखवला असेल, याची मोजदाद नाही. बाजारातून आणलेली चुनकळी आदल्या दिवशी पाण्यात विरवायची, रात्रभर ठेवून वरचे नितळ पाणी गाळून घ्यायचे, ते परीक्षानळीत भरायचे आणि एखाद्या विद्यार्थ्याला त्यात नळीने फुंकायला सांगायचे. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते, मुले वहीत तेवढे निरीक्षण लिहितात आणि तास संपतो. गेल्या डिसेंबरातील एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, हा प्रयोग तिथे थांबला नाही.

त्या दिवशी नववीतील एका मुलीला मी फुंकायला सांगितले आणि दुसऱ्या टेबलावरील गटाकडे वळलो. निवळी दुधाळ झाली की थांब असे मी तिला सांगितले नव्हते, म्हणून ती थांबली नाही. घरी रोज फुंकणीने चूल पेटवणारी ही मुलगी, त्यामुळे दमाचा प्रश्न नव्हता. आठ-दहा मिनिटांनी तिने मला हाक मारली. "सर, दूध गेलं की ओ. चुना कुठं गेला?" मी परीक्षानळी हातात घेऊन खिडकीतील उजेडात धरली. मघाशी ताकासारखे दिसणारे पाणी आता इतके नितळ झाले होते की पलीकडचे खिडकीचे गज स्पष्ट दिसत होते. तळाशी नखावर मावेल एवढा पांढरा गाळ तेवढा उरला होता.

याचे रसायनशास्त्र मला ठाऊक होते. निवळी दुधाळ होते ती न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक कणांमुळे. पण त्यात आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळत राहिला तर त्याच कणांचे कॅल्शियम बायकार्बोनेट होते आणि ते पाण्यात विरघळते. जो वायू चुन्याचा साका तयार करतो, तोच जास्त झाला की तो साका विरघळवतो. मी हे महाविद्यालयात शिकलो होतो, मात्र एकोणीस वर्षांत एकाही वर्गाला दाखवले नव्हते. अर्धाच प्रयोग करून पूर्ण केल्याचे समाधान मी मानत आलो, याचे मला त्या क्षणी फार वाईट वाटले.

आदल्याच आठवड्यात आमची सहल आंबोलीमार्गे मालवणला जाऊन आली होती आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना नावाड्याने पाण्याखालील प्रवाळांविषयी मुलांना सांगितले होते. म्हणून मी ती नळी हातात धरूनच प्रवाळांकडे वळलो. प्रवाळ म्हणजे काय, असे विचारताच एक मुलगा म्हणाला की त्याच्या आज्जीच्या अंगठीत मंगळासाठी पोवळे बसवले आहे. ते लाल पोवळे वेगळ्या जातीचे असते आणि प्रवाळभित्ती बांधत नाही, तरी तेही एका इवल्या सागरी प्राण्यानेच घडवलेले कॅल्शियम कार्बोनेट आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपल्या अंगाखाली चुन्याचे घर रचत जातात. समुद्रतळाचा एक टक्काही भाग या भित्तींनी व्यापलेला नाही, पण सागरी जीवांच्या सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्याचा काही ना काही काळ त्यांच्या आसऱ्याने काढतात.

औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. माणूस हवेत सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे जो उतरला की आम्लता वाढली असे समजायचे ते माप, ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. फरक फक्त ०.१ चा दिसतो, पण सामूचे माप असे असते की एवढ्या फरकाने आम्लता आणणाऱ्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण पाव पटीहून अधिक वाढते. "म्हणजे समुद्र आंबट झाला?" एकाने विचारले. नाही, समुद्र अजून अल्कधर्मीच आहे. तो फक्त आम्लतेच्या दिशेने सरकतो आहे. हे वाढलेले हायड्रोजन आयन पाण्यातील कार्बोनेटला पकडून त्याचे बायकार्बोनेट करतात, आणि प्रवाळाला घर बांधायला लागणारा मालच कमी पडतो. आमच्या परीक्षानळीत चुना दहा मिनिटांत गेला तशी प्रवाळभित्ती एकदम विरघळत नाही, हेही मी मुलांना बजावून सांगितले, कारण उच्छ्वासात हा वायू हवेपेक्षा सुमारे शंभरपट असतो. भित्तीची वाढ मंदावते, चुना ठिसूळ होतो आणि लाटा, पोखरणारे जीव व विरघळणे यांनी होणारी झीज भरून काढणे अवघड होत जाते.

विरघळलेला चुना परत दाखवावा म्हणून मी त्यातले अर्धे पाणी दुसऱ्या नळीत ओतून स्पिरिटच्या दिव्यावर धरले. उकळी येताच वायू निघून गेला आणि पाणी पुन्हा किंचित दुधाळ झाले. मागच्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, "मग समुद्र तापला की प्रवाळ परत येतील, सर." त्याच्या दृष्टीने तर्क अगदी बरोबर होता आणि त्याला घाईने गप्प बसवणे मला अन्यायाचे वाटले. समुद्र काही उकळत नाही, आणि हवेत हा वायू वाढतच असल्यामुळे तापलेला समुद्रही तो शोषत राहतो. शिवाय थोड्याशा तापण्याने प्रवाळाचे वेगळेच नुकसान होते. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातला मोठा भाग प्रवाळाला देते. आमच्याकडे वाट्याने शेत करणारा मालकाला पीक घालतो, तसेच काहीसे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही, पण पाणी वेळेत निवले नाही तर उपाशी मरतो. १९९८ मध्ये हे जगभर घडले. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने नोंदवले. ज्या वायूने समुद्र तापतो त्यानेच कार्बोनेट घटते, त्यामुळे आजारातून उठलेल्या प्रवाळाला पुन्हा घर बांधायलाही माल अपुरा पडतो.

हे उलट फिरवता येते का, या प्रश्नावर मी त्यांना वन ट्री बेटाजवळचा प्रयोग सांगितला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर शास्त्रज्ञांनी भित्तीवरून वाहणाऱ्या पाण्यात अल्कली मिसळून त्याची रासायनिक स्थिती औद्योगिक काळापूर्वीसारखी केली, तेव्हा चुना साठण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका लहानशा जागी जमले ते सगळ्या समुद्राला जमणारे नाही. पण गेल्या काही पिढ्यांत या भित्तींची वाढ खरोखर मंदावली आहे, याचा तो पुरावा आहे.

घंटा होऊन गेली तरी मुले उठली नाहीत. आपली म्हादई याच तालुक्यातून निघून अरबी समुद्राला मिळते, हे त्यांच्यापैकीच कोणीतरी आठवण करून दिले.

न उकळलेल्या पाण्याची नळी मी खिडकीत उघडीच ठेवली. पुढच्या गुरुवारी पाणी दोन बोटे उतरले होते आणि पूर्वीच्या पातळीवर काचेला पांढरी कडी धरली होती. त्या मुलीने ती नखाने खरवडून बोटावर घेतली आणि समुद्रातून हा वायू असा निघून जायला किती वर्षे लागतील, असे विचारले. आपण तो सोडणे थांबवल्यानंतरही समुद्राचे पाणी पूर्वीसारखे व्हायला हजारो वर्षे लागतील, असे मी सांगितले. तिने प्रयोगवही उघडली, 'निवळी दुधाळ झाली' या ओळीखाली 'नंतर पुन्हा नितळ झाली' असे लिहिले आणि सहीसाठी वही माझ्यापुढे धरली.