ब्लँटायरमध्ये पाच आठवडे: मोहननगरच्या एका वायरमनचा वृत्तांत

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागपूर सोडलं तेव्हा कूलरमध्ये दुपारी दोनदा पाणी भरावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी मी मलावीत ब्लँटायरला दोन स्वेटर चढवून कुडकुडत बसलो होतो. आफ्रिका म्हणजे ऊन, हे डोक्यातून काढून टाका. ब्लँटायर समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे आणि मे ते ऑगस्ट तिथे ‘चिपेरोनी’ नावाचं धुकं आणि भुरभुर पाऊस येतो, दोन-दोन दिवस हटत नाही. मोझांबिकच्या बाजूला त्याच नावाचा डोंगर आहे, तिकडून येतं म्हणून ते नाव. आमच्यातल्या एकाने फक्त अर्ध्या बाह्यांचे शर्ट आणले होते. पाचही आठवडे तो माझी शाल पांघरून हिंडला.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून निवृत्त झालो. आमच्या चर्चच्या मंडळीतून सहा जण निघाले, एका चर्चच्या शाळेत वायरिंग आणि रंगकाम करायला. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने ब्लँटायरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. या शाळेच्या चार खोल्या तेव्हा पडल्या होत्या, त्या आता कुठे उभ्या झाल्या. निघायच्या आधी गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न, “मिशन ट्रिप म्हणजे तिकडे लोकांना ख्रिस्ती करायला चाललात का?” अहो, तिथे चारातले तीन आधीच ख्रिस्ती आहेत, आणि उपासनेला आपल्यापेक्षा वेळेवर येतात.

खरं तर नागपूर आणि ब्लँटायर दूरचे भाऊबंद. 1845 मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे 1883 पासून आहे. ब्लँटायरचं मिशन 1876 चं, तेही स्कॉटलंडच्याच लोकांनी काढलेलं. तिथलं सेंट मायकल चर्च 1888 ते 1891 मध्ये बांधलं. बांधणारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, डेव्हिड क्लेमंट स्कॉट काही वास्तुविशारद नव्हते, आणि विटाही तिथल्याच मातीच्या, तिथल्याच माणसांनी भाजलेल्या. मी घुमटाखाली उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघत होतो. गेलात तर रविवार सोडून एखाद्या दुपारी जा, निवांत बघता येतं.

आता रोजचा दिवस. पाचला जाग यायची ती झाडूच्या आवाजाने. घरोघरी बाया अंगण झाडत असतात, अगदी आपल्या खेड्यासारखं. बादलीभर गरम पाण्याची आंघोळ, मग चहा-पाव. चहा जवळच्या थ्योलो आणि मुलांजेच्या मळ्यांतला, चांगला असतो, पण आलं-वेलची विसरा. साडेसातला शाळेत. पण शाळेत पोचलो म्हणजे काम सुरू झालं, असं नाही. आधी भेटेल त्या प्रत्येकाला “मुली ब्वांजी?” म्हणजे कसे आहात. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या मुलींची चौकशी चालली आहे. उत्तर, “न्दिली ब्विनो, काया इनू?” मी बरा, तुम्ही कसे. हे न करता पाना मागितला तर पाना मिळतो, पण चेहरा पडलेला असतो. कुणाच्या दारी गेलात तर कडी वाजवू नका, बाहेरून “ओडी!” म्हणा आणि थांबा. आभाराला ‘झिकोमो’. एवढ्या चार शब्दांवर माझे पहिले दोन आठवडे निघाले. मोठ्या बाईला तिथे ‘आमायी’ म्हणतात, ते मात्र शिकावं लागलं नाही.

दुपारी न्सिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या घाट्याला आटवत आटवत नेलं तर होईल तसा. जेवणाआधी कुणीतरी तांब्या आणि पातेलं घेऊन येतं आणि तुमच्या हातावर पाणी घालतं. लाजू नका, हात पुढे करा. उजव्या हाताने गोळी करायची, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि भाजी उचलायची. भोपळ्याच्या पानांची भाजी शेंगदाण्याच्या कुटात करतात, ती मी तीनदा मागून खाल्ली. थोब्वा नावाचं आंबवलेलं पेय मिळतं. पहिल्या घोटाला माझ्या तोंडून आपसूक निघालं, “हे तर आंबील!”

आणि तूर! तिला नांडोलो म्हणतात. आपल्या सरकारने 2021 मध्ये मलावीशी करार केला, वर्षाला 50 हजार टन तूर घ्यायची, पाच वर्षं. यवतमाळच्या शेतकऱ्याने हे वाचून काय म्हणायचं ते म्हणो, पण तिथल्या शेतकऱ्याला भाव विचारला तर त्याचं रडगाणं शब्दन् शब्द आपल्याच बांधावरचं निघालं. ते लोक तूर अख्खीच उकडतात. डाळ हवी असेल तर ब्लँटायरला लागूनच असलेल्या लिंबेला गुजराती दुकानांत मिळते, म्हणून नागपूरहून पाच किलो डाळ वाहून नेऊ नका. तिखट मात्र न्या.

मुख्य गोष्ट सांगायची आहे ती चौथ्या दिवसाची. पहिले तीन दिवस आम्ही झपाट्याने पाइप टाकले, बोर्ड बसवले. व्हरांड्यात एक माणूस रोज येऊन बसायचा, चाळिशीचा, खांद्याला पिशवी. मला वाटलं, कुणाचा तरी पालक असेल. चौथ्या दिवशी थ्री फेजच्या मेन बोर्डात मी हात घातला आणि काळ्या वायरकडे बोटं नेली. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज, म्हणजे झटका देणाऱ्या वायरी, आणि काळी न्यूट्रल, तीस वर्षं पोरांकडून हेच घोकून घेतलं. तेवढ्यात त्याने माझं मनगट पकडलं. त्या शाळेत ब्रिटिश पद्धतीची वायर होती: तपकिरी, काळी, करडी हे फेज, आणि निळी न्यूट्रल. मेन बंद आहे असं मला सांगितलं होतं. त्याने आपला टेस्टर लावून दाखवला, दिवा लागला. बाप्पा! मी खालीच बसलो.

आयटीआयच्या माणसाने स्वतः टेस्टर न लावता हात घालावा याची लाज वेगळी. पण त्याहून वाईट पुढे कळलं. तो त्या शाळेचा नेहमीचा वायरमन होता. भारतातून फुकट काम करणारे येताहेत म्हटल्यावर त्याचं काम गेलं होतं, आणि तो बसून बघत होता की निदान शेवटी दुरुस्तीला तरी बोलावतात का. त्या रात्री आम्ही सहा जण बसलो. रंगाच्या पैशातून थोडे, उरलेले खिशातून, असं करून त्याची महिनाभराची मजुरी काढली आणि पाळकसाहेबांकडे दिली. पाचव्या दिवसापासून तो मिस्त्री, मी हेल्पर. दहावीची सहा पोट्टी आम्ही दोघांनी मिळून शिकवली. रंग दोन खोल्यांना कमी पडला, पडू दे.

म्हणून पुढच्या गटाला माझं सांगणं: जायच्या आधी तिकडच्या मंडळीला विचारा, हे काम तुमच्याकडे कोण करतं? कुणी करत असेल तर त्याला पैसे द्या आणि त्याच्या हाताखाली काम करा. जुने कपडेही नेऊ नका. तिथे कौन्जिका म्हणजे जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग बाजारात आहेत आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. न्यायचं तर चांगला टेस्टर, मल्टिमीटर, वायर स्ट्रिपर न्या आणि येताना ठेवून या. व्होल्टेज आपल्यासारखंच 230, पण प्लग तीन चौकोनी पिनांचा, ॲडॉप्टर लागतो. वीज जाते. बहुतेक वीज शिरे नदीवरच्या धरणांची, कोराडीसारखं कोळशाचं केंद्र पाठीशी नाही. जानेवारी 2022 च्या ॲना वादळात कपिचिराचं धरण फुटलं तेव्हा देशाची तिसरा हिस्सा वीज गेली होती. डोक्याला बांधायची टॉर्च हवीच, कारण जूनमध्ये साडेपाचला अंधार पडतो आणि अंधारात पायी हिंडू नका असं यजमान सांगतात, ते ऐका.

रविवारी दोन-तीन तास मोजून ठेवा. गायनमंडळं चार-पाच, प्रत्येकाला पाळी. दानार्पणाला लोक नाचत पुढे जातात. आमच्यातले वडीलजन आधी हात बांधून उभे होते, तिसऱ्या रविवारी त्यांचाही पाय हलला. पाहुण्याला न सांगता साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं करतात, दुभाषी वाक्यागणिक थांबवतो, म्हणून पाच मिनिटांची छोट्या वाक्यांची साक्ष तयार ठेवा. आम्ही एक मराठी भजन म्हटलं. टाळ नेले होते, बरं झालं. पुरुषांनी कोट न्यावा, बायकांनी तिथलंच चितेंजे कापड घेऊन कमरेला गुंडाळावं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पर्यटक व्हिसावर सेवाकार्य करू नका, चर्चचं निमंत्रणपत्र घेऊन योग्य प्रकारचा व्हिसा काढा. विमान मुंबईहून आदिस अबाबामार्गे. इथिओपिया पिवळ्या तापाच्या यादीत आहे, तेव्हा लस घ्याच. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. साठीच्या पुढचे असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. सिम घ्यायला गेलो तर समोर एअरटेलचीच पाटी, अर्धं घरी आल्यासारखं वाटलं. पैसेही लोक मोबाइलवरूनच पाठवतात. मलावी सरोवरात डुंबायचा मोह होईल, पण त्या पाण्यात बिलहार्झिया या रोगाचे, कातडीतून शरीरात शिरणारे जंत असतात, काठावरून बघा.

मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. मला डॉक्सिसायक्लिन दिली होती: रोज एक, भरल्या पोटी, आणि गिळल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. घरी आलो म्हणून ती थांबवायची नसते, परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. आमच्यातल्या दोघांनी नागपूर स्टेशनावर उतरल्याउतरल्या सोडली, त्यांना पाळकसाहेबांनी फोनवर झापलं. माझ्या अजून नऊ उरल्या आहेत.